खेळातला गडी पाठमोरा का असतो

निमसड्याला कुणी पाहुणा आला की आधी त्याला ग्रामपंचायतीत नेतात आणि भिंतीवरचा मोठा फोटो दाखवतात. फोटोत सत्तेचाळीस माणसं आहेत, आणि सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस पाठमोरी. फेटे, टोप्या, अंबाडे, वेण्या, कडेवरच्या एका बाळाचं टक्कल. फोटो उलटा लावलाय का, असं पाहुणे विचारतात. उलटा लावला तर पुठ्ठा दिसेल, असं शिपाई शांतपणे सांगतो. त्याला हा प्रश्न रोजचाच आहे. मग पाहुण्यांना इथं, ओढ्याकडेच्या या बांधावर आणतात, या एकट्या बाभळीखाली बसवतात आणि फोटोची गोष्ट सांगतात.

तुम्हीही बसा. काटे बघून बसा.

असं सांगतात, की फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे मोबाईलला बटणं असायची त्या काळात, निमसडं आजच्यासारखंच संशयी होतं. हा संशय कुठून आला ते कुणाला ठाऊक नाही. पण लग्नाची पत्रिका आली तर इथं आधी आपल्याला का बोलावलं असेल याचा विचार होतो, जायचं की नाही ते नंतर. कुणी वाटेत ‘बरं आहे ना?’ म्हणालं, तर माणूस घरी जाऊन दाराला कडी घालतो आणि ह्याला काय कळलं असेल म्हणून बसून राहतो. हसू नका. सांगणारीचं माहेरही इथलंच आणि सासरही इथलंच. तुम्ही मघाशी पाणी मागितलंत तेव्हा मनात काय आलं ते मी सांगत नाही.

तर अशा गावात अनसाक्का राहायची. वय चाळिशीच्या पुढे, नवरा कधीचा वारलेला, शेत हेच, बांधाच्या पलीकडचं. रोज ओढ्यावरून घागर आणून आणून तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. एकच मुलगा, भालचंद्र. त्याला भाल्या म्हणायचे. भाल्या लहान असताना या बांधावरून आईच्या मागं मागं शेतात जायचा. गवतात साप असतो म्हणून जिथं तिचं पाऊल पडेल तिथंच तोही पाऊल टाकायचा. पुढं आईची पाठ, त्याच्या पुढं काय आहे ते त्याला दिसायचंच नाही. दिसायची गरजही नव्हती म्हणे.

मुलगा मोठा झाला आणि तालुक्याच्या कॉलेजात जाऊ लागला. तिथं तो वर्गापेक्षा कॉम्प्युटरवर खेळ खेळायच्या दुकानात जास्त बसतो, असं अनसाक्काच्या कानावर आलं. खेळ म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं, म्हणून ती दारूच असणार, असं तिनं धरलं. एक दिवस ती एसटी स्टँडवर जाऊन उभी राहिली. भाल्या मित्रांबरोबर आला. तिनं त्याची पिशवी उलटी केली, खिसे तपासले, आणि भर स्टँडात, मित्रांसमोर, त्याची हनुवटी धरून तोंडाचा वास घेतला. वास शेंगदाण्याचा आला.  भाल्यानं वह्या गोळा केल्या आणि समोर पुण्याची गाडी लागली होती तिच्यात तो चढला. अनसाक्काला त्याची पाठ तेवढी दिसली.

त्याला अकरा महिने झाले. पत्र नाही, निरोप नाही. गावातला एक जण पुण्याला जाऊन आला, त्यानं सांगितलं की भाल्या तसल्याच एका खेळाच्या दुकानात कामाला आहे आणि दिवसभर तिथल्या पडद्याकडं बघत असतो. अनसाक्कानं त्यालाच तीनदा विचारलं, की तो भाल्याच होता कशावरून. तिसऱ्यांदा तोही म्हणाला की आता मलाच शंका यायला लागली.

आणि मग गावात कंपनी आली.

कंपनी म्हणजे एक जीप, दोन पोरं, तीन पेट्या आणि परचुरे नावाचे एक साहेब. परचुरे सभ्य माणूस. कुणालाही वाकून नमस्कार करायचे, त्यामुळे गावाला पहिल्या तासातच त्यांच्याबद्दल शंका येऊ लागली. ते म्हणाले, आम्ही कॉम्प्युटरचे खेळ करतो, त्यात गाव दाखवायचंय, तर तुमची झाडं, घरं, पाणी, माणसं घेऊन जाऊ द्या. घेऊन म्हणजे फोटोत घेऊन, असं त्यांना म्हणायचं होतं. पण रंगूतात्यांनी ‘घेऊन’ एवढंच ऐकलं.

रंगूतात्या हे पोलीसपाटील. गावाच्या संशयाचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांनी परचुऱ्यांना विचारलं, आत घातलेली वस्तू बाहेर येते का? परचुरे म्हणाले, नाही, ती आतच राहते. मग बाहेर काय उरतं, असं तात्यांनी विचारलं. परचुरे हसले. हसले ते चुकलंच त्यांचं.

त्याच दिवशी भैरोबाच्या देवळात गाव जमलं आणि बेल उचलून शपथ झाली. झाडाचं, घराचं ज्यानं त्यानं बघावं, पण चेहरा कुणी द्यायचा नाही. चेहरा एकदा आत गेला की कुठल्या कागदावर चिकटवतील, कुठल्या जमिनीच्या व्यवहारात साक्षीला उभा करतील, सांगता येत नाही. आणि विचारलंच काही, तर सगळ्यांनी एकच सांगायचं. अनसाक्कानंही बेल उचलला. तिला तेव्हा त्यात काही गैर वाटलं नाही.

आता तुम्ही हे खेळ खेळला असाल, नसाल तर तुमच्या घरातलं कुणीतरी खेळत असेल. त्यातलं चित्र असं का असतं, याची मोठमोठी कारणं शहरात सांगतात म्हणे. इथं या, आम्ही दाखवतो.

परचुरे झाडांचे फोटो काढायला निघाले, तर गावातल्या प्रत्येक झाडाला दोन मालक निघाले आणि दोघांतला एक नाही म्हणाला. वाद नसलेलं झाड एकच, ही अनसाक्काची बाभळ. तिचेच त्यांनी नऊशे फोटो काढले. म्हणून खेळात मैलभर जंगल असतं आणि त्यात एकच झाड पुन्हा पुन्हा लावलेलं असतं. पुढच्या वेळी नीट बघा, डावीकडची फांदी मोडलेली सापडेल. ही बघा, ही.

मग ते घरांकडं वळले. बायकांनी आतून कड्या घातल्या. परचुऱ्यांना बंद दारांचे फोटो मिळाले, आणि आजतागायत खेळातली निम्मी दारं नुसती भिंतीवर काढलेली असतात, कितीही ढकला, उघडत नाहीत. गावात घरं किती आहेत हे साहेबाला कळू नये, घरपट्टीचं काही निघायचं, म्हणून लोकांनी परसात ओला पाला पेटवून दिला. शंभर पावलांपुढचं सगळं धुरात गेलं. खेळात लांबचे डोंगर धुक्यात असतात ना, ते धुकं नव्हे. तो आमच्या खालच्या आळीचा पाला.

पाण्याचं तर विचारूच नका. ओढ्यावर कुणाचा हक्क यावरून भांडण चालू होतं, त्यामुळे ओढ्याचा फोटो काढायची परवानगी द्यायला कुणाकडंच हक्क नव्हता. शेवटी परिटाच्या टोपातल्या निळीच्या पाण्यावर भागवलं. खेळातला समुद्र इतका निळा का, हे तुम्हाला आता कळलं. आणि माणसं. परचुरे कुणालाही काही विचारोत, नाव, गाव, जेवण झालं का, उत्तर एकच. ‘मला काय माहीत न्हाई, तात्यांना विचारा.’ ते त्यांनी रेकॉर्ड करून नेलं. म्हणून खेळात रस्त्याकडेला उभा असलेला माणूस कितीदाही बोलवा, तेच वाक्य बोलतो.

चौथ्या दिवशी परचुरे थकले. त्यांना एक माणूस हवा होता, जो चालेल, पळेल, थांबेल. चेहरा नसला तरी चालेल, नुसती पाठ द्या, असं म्हणायची वेळ त्यांच्यावर आली. देवळात पुन्हा बैठक झाली. शपथ चेहऱ्याची होती, पाठीबद्दल कुणी बोललं नव्हतं. सत्तेचाळीस जण येऊन रांगेत पाठमोरे उभे राहिले, त्यांचा फोटो निघाला, तोच तुम्ही पाहिलात. पण चाल यंत्रात उतरावी म्हणून अंगाला पांढरे ठिपके चिकटवून घेऊन चालायला कुणी तयार होईना. ते ठिपके कसले, लस आहे की खानेसुमारी, याचा निकाल लागेना.

अनसाक्का रांगेत टोकाला होती. ती पाठमोरीच राहून म्हणाली, “साहेब, ह्यो खेळ पुण्यात जातो का?”

“अहो मावशी, जगभर जातो,” परचुरे म्हणाले.

“जगाचं राहू द्या. पुण्यात जातो का?”

जातो म्हणाले. दुकानात जातो? दुकानात तर आधी जातो. मग अनसाक्का म्हणाली, माझी पाठ घ्या.

घरी जाऊन तिनं ट्रंक उपसली. तळाशी एक लाल पोलकं होतं, दहा वर्षांमागचं. भाल्या लहान असताना बांधावर पाय घसरून पडताना त्यानं ते मागून धरलं होतं आणि टराटरा फाडलं होतं. तिनं त्याच्याच शाळेच्या जुन्या चड्डीचं खाकी ठिगळ लावलेलं, उजव्या खांद्याच्या खाली. पोलकं आता तिला घट्ट होत होतं. श्वास धरून तिनं ते घातलं आणि पदर असा घेतला की ठिगळ उघडं राहील.

याच बांधावर तिला चालवलं. परचुऱ्यांच्या पोरांनी तिच्या पाठीला आणि गुडघ्यांना ठिपके लावले. बांधाच्या टोकाला रंगूतात्या छत्री घेऊन बसले, ती वळते की काय बघायला. अनसाक्का टोकापर्यंत चालत गेली. परत येताना वळावं लागलं असतं, म्हणून ती तशीच उलटी चालत आली. खेळातला गडी मागं सरकतो तरी तोंड वळवत नाही, ते यामुळे. अशा बारा फेऱ्या झाल्या. मधे परचुरे ठिपके तपासायचे, तेव्हा ती उभी राहायची. सवयीनं एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकायची, कमरेला हात लावायची, पदर खोचायची. परचुऱ्यांचं यंत्र चालूच होतं, ते तिला माहीत नव्हतं.

खांदा जरा सरळ करून घेऊ आत, असं परचुरे म्हणाले. अनसाक्का म्हणाली, वाकडाच ठेवा, नाहीतर ठिपके काढा माझे. ठिगळही ठेवायचं. परचुऱ्यांनी कबूल केलं. तिनं ते पुन्हा पुन्हा कबूल करून घेतलं.

तेराव्या फेरीला तात्यांना पेंग आली. छत्री कलली. परचुऱ्यांनी ते पाहिलं आणि हळूच म्हणाले, “मावशी, आता वळा. एक क्षण. चेहरा आला तर तुमचं माणूस लगेच ओळखेल.”

त्यांनी कसं ओळखलं असेल, की माणसासाठी चाललंय हे सगळं? एरवी अनसाक्कानं यावरच आठवडाभर संशय घेतला असता. पण त्या वेळी ती तशीच उभी राहिली. मान अर्धी वळली होती म्हणे. शपथेचं तिला फार वाटलं नाही, भैरोबाला तिनं समजावून सांगितलं असतं. तिला आठवला तो स्टँड. भाल्यानं तिचा चेहरा शेवटचा पाहिला तो इतक्या जवळून, डोळे बारीक केलेला, नाक फुगवलेला, वास घेणारा. तोच चेहरा पुन्हा त्याच्यापुढं पाठवायचा? पाठीशी त्याचं कधी भांडण झालं नव्हतं.

तिनं मान सरळ केली आणि चालू लागली.

कंपनी गेली. बाभळीला त्या वर्षी पालवी कमी आली, ती नऊशे फोटोंमुळे, असं तात्यांनी ठरवलं. गाव बघता बघता हे विसरलं. अनसाक्का तेवढी पुण्याच्या गाडीच्या वेळेला बांधावर काहीतरी काम काढायची. काम नसेल तर गवत उपटायची. त्या वर्षी या बांधावर गवत राहिलं नाही.

पुण्यात काय झालं ते पुढं भाल्यानंच सांगितलं, म्हणून आपल्याला कळतं. दुकानात नवा खेळ आला. त्यात एक दांडगा गडी, चिलखत घातलेला, हातात सहा फुटी तलवार, राक्षस मारत सुटलेला. खेळणाऱ्याला त्याची पाठच दिसते. सगळी पोरं खेळली, कुणाला काही वाटलं नाही. भाल्याला मात्र वाटलं, की या गड्याचा डावा खांदा जरा उतरलाय. चिलखतावर उजवीकडं मातकट चौकोन आहे, त्याला पोरं गंज म्हणत होती. दोन महिने तो या गड्याच्या मागं मागं पळत राहिला आणि कशाला पळतोय ते त्याला कळेना. राक्षस तो मारायचाच नाही. नुसता चालायचा.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. त्यानं कळांवरून हात बाजूला घेतले आणि गडी उभा राहिला. थोडा वेळ काही नाही. मग त्या गड्यानं एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकला. तलवार या हातातून त्या हातात घेतली, कमरेला हात लावला, आणि कमरेशी काही नसताना, लोखंडी चिलखतात, पदर खोचला.

भाल्यानं खुर्ची मागं सारली आणि तो निघाला.

तो फाट्यावर उतरला तेव्हा उन्हं कलली होती. बांधावर अनसाक्का वाकून काहीतरी करत होती. तिनं लांबून पाहिलं, की कुणीतरी येतंय आणि ते भाल्यासारखं दिसतंय. आता तुम्ही म्हणाल ती धावली. अहो, निमसड्याची बाई ती. तिच्या मनात पहिली शंका आली ती कंपनीची. हे लोक पाठ नेऊन गडी करतात, तर मुलगा करून पाठवायला काय अवघड आहे? तिनं विळा वर करून त्याला दहा पावलांवर थांबवला.

“थांब तिथंच. त्या बाभळीतनं चालून दाखव.”

परचुऱ्यांनी तिला बोलता बोलता सांगितलं होतं, की आतली माणसं कधी कधी झाडातून आरपार जातात. भाल्यानं बाभळीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि काही न विचारता फांद्यांत शिरला. सदरा अडकला, कोपराला रक्त आलं. तिनं पाहिलं. मग त्याच्या पायाखाली बघितलं, सावली आहे का. होती.

“पटलं?” तो म्हणाला. “आता तू वळ.”

“म्या कशापायी?”

“मीबी इथलाच हाय. खात्री केल्याबिगर कसं मानू?”

अनसाक्का वळली. तो किती वेळ बघत होता ते तिला कळायला मार्ग नव्हता. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली, आता कदाचित अडीच. ठिगळ नव्हतं, पोलकं दुसरं होतं.  तिच्या नाकाला फार वाटत होतं, की एकदा वळून जवळ जावं आणि वास घ्यावा, कुठं होता, काय खाल्लं, काय प्यायला. हात पदराकडं गेला आणि तिनं तो खोचला.

मागून भाल्याचा श्वास ऐकू आला, हसल्यासारखा. नीट सांगता येत नाही कसला.

ती चालू लागली. या बांधावरून, ओढा ओलांडून, देवळाजवळून, घरापर्यंत. मागं पावलं वाजत होती. मधेच वाजायची थांबली, तेव्हा तिच्या पाठीवर काटा आला, पण ती वळली नाही. तो चप्पल काढून हातात घेत होता, तिच्या पावलावर पाऊल नीट पडावं म्हणून. देवळाच्या पारावरून रंगूतात्यांनी हे सगळं पाहिलं. पुढं तेच सांगायचे, की निमसड्यात कुणी मागं वळून खात्री केली नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. उंबऱ्याशी पोचून ती आत गेली आणि दार उघडं ठेवलं.

ऐकणाऱ्यानं विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. आम्हालाही यातलं निम्मं पटत नाही, आणि कुठलं निम्मं यावर दोन गट आहेत. पण तुमच्याकडं तसला खेळ असेल तर एकदा हात बाजूला घेऊन बघा. घाई करू नका. तो गडी भार बदलेल, कमरेला हात लावेल, काहीतरी खोचेल.

आजही निमसड्याची माणसं फोटोला पाठमोरीच उभी राहतात, आणि लग्नाच्या अल्बममधली पाठ बघून ही कोण, ते लहान पोरंसुद्धा सांगतात. आजही गावातलं कुणी फार दिवसांनी परत आलं, तर त्याला घ्यायला आई या बाभळीपर्यंत येते. त्याला बघते, सावली आहे का तेवढं बघते, कारण सवय कुठं जाते. मग काही न विचारता पाठ फिरवते आणि पुढं चालू लागते. घर येईपर्यंत वळायचं नाही. मागं पावलं वाजतायत का, ते नुसतं ऐकायचं.